पाहुण्यांना दाखवायचे काय?

पाहुणा घरी आला म्हणजे पहिला दिवस जेवणखाण, ख्यालीखुशाली आणि नात्यागोत्यांची उजळणी यांत निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाला की यजमानापुढे प्रश्न उभा राहतो : आता यांना दाखवायचे काय? पुणेकराला हा प्रश्न पडत नाही. त्याच्यापाशी शनिवारवाडा आहे, पर्वती आहे, सिंहगड आहे. नागपूरकर सीताबर्डीचा किल्ला बाहेरून दाखवतो, दीक्षाभूमीवर नेतो, सवड असली तर रामटेक गाठतो. आम्ही सावरगावकर मात्र पाहुण्याला जामच्या पुलावर नेतो आणि खाली बोट दाखवून म्हणतो, "इथे गोटमार होते."

"केव्हा?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मग आज काय आहे?"

आज नदी आहे, नदीत गोटे आहेत आणि दोन्ही काठांवर एकमेकांच्या सोयऱ्यांची घरे आहेत. एवढे सांगून यजमान आणि पाहुणे परत फिरतात. वर्षाच्या एका दिवसावर आमच्या गावाची सगळी ओळख बेतलेली आहे, आणि उरलेल्या दिवसांत आलेल्या माणसाला दाखवण्याजोगे आमच्यापाशी काही नाही, असे आम्हीच धरून चाललो आहोत. हे खरे आहे काय, याचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

या विचाराला निमित्त झाली एक पुस्तिका. आमच्या नात्यातली एक मुलगी नोकरीमुळे स्पेनमध्ये असते. तिने तोलेदो नावाच्या जुन्या शहराची पर्यटन-पुस्तिका मला पाठविली. मला स्पॅनिश येत नाही, म्हणून तिने पानापानाच्या समासात बारीक मराठी अक्षरांत अर्थ लिहून दिला होता. ती पुस्तिका वाचताना मला वारंवार आपल्या सातपुड्यातला देवगड आठवत राहिला. दोन्ही ठिकाणांची कहाणी एका वळणापर्यंत सारखी आहे. त्या वळणानंतर मात्र वाटा फुटतात. त्या का फुटल्या, हे समजले तर पाहुण्यांना काय दाखवायचे या प्रश्नाचेही उत्तर मिळेल, असे मला वाटते.

राजधानी गेलेले शहर

तोलेदो हे खडकावर वसलेले शहर. तीन बाजूंनी ताहो नदीचा वळसा. रोमन, व्हिसिगॉथ, अरब अशा अनेक राजवटी या खडकाने पाहिल्या. १०८५ साली सहाव्या आल्फोन्सो राजाने ते अरबांकडून घेतले आणि पुढे अनेक शतके स्पेनच्या राजकारणात त्याला मोठे स्थान राहिले. मग १५६१ साली दुसऱ्या फिलिपने आपला दरबार माद्रिदला हलविला. दरबार गेला म्हणजे सरदार जातात, सरदारांमागे सोनार, शिंपी, सावकार जातात. तोलेदोही हळूहळू ओसरले.

पण ओस पडले नाही. त्याचे कारण असे की, राजा गेला तरी तिथले आर्चबिशपचे पीठ तिथेच राहिले. १२२६ च्या सुमारास पाया घातलेले थोरले कॅथीड्रल राहिले. तलवारीचे पाते घडविणारे आणि पोलादावर सोन्याची तार ठोकणारे कारागीर राहिले. एल ग्रेको हा चित्रकार तर दरबार गेल्यानंतर, १५७७ मध्ये, या गावात आला आणि १६१४ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. ऑर्गाझच्या सरदाराच्या दफनविधीचे त्याचे प्रचंड चित्र सांतो तोमे नावाच्या चर्चमध्ये आहे; ज्या चर्चसाठी काढले, तिथेच ते आजही पाहायला मिळते. ९९९ साली बांधलेली एक छोटी मशीद आहे, ती पुढे चर्च झाली. ज्यूंची दोन जुनी प्रार्थनामंदिरे आहेत. १९८६ साली युनेस्कोने हे सारे जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत घातले. आज माद्रिदहून आगगाडीने अर्ध्या तासात माणूस तिथे पोचतो.

पुस्तिकेतल्या एका पानाशी मी बराच वेळ थांबलो. बाराव्या-तेराव्या शतकांत तोलेदोत अरबीतले ग्रंथ लॅटिनमध्ये आणि पुढे कास्तिली भाषेत आणण्याचे फार मोठे काम झाले. ते काम पुष्कळदा दोघे मिळून करीत. अरबी जाणणारा एक जण मजकूर वाचून लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ सांगे आणि दुसरा तो ऐकून लॅटिनमध्ये लिहून घेई. युरोपातल्या विद्वानांना ग्रीक गणित, ज्योतिष आणि वैद्यक यांची नव्याने ओळख झाली, तिचा मोठा भाग या वाटेने गेला. आपले पंचतंत्रही स्पेनला असेच पोचले. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने, आणि पुढे दहावा आल्फोन्सो म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्राच्या आज्ञेने १२५१ च्या सुमारास कास्तिली भाषेत. करटक आणि दमनक हे आपले कोल्हे स्पॅनिश बोलू लागले ते असे.

दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसांचा हा उद्योग होता. सीमेवर राहणे ही अडचण आहे असे आपण समजतो. तोलेदोने त्या अडचणीवरच पोट भरले आणि नावही कमावले.

आता आपल्या राजधानीकडे वळू.

देवगड

छिंदवाड्याच्या दक्षिणेला सुमारे ३९ किलोमीटरवर, मोहखेड भागात, खोल दऱ्या आणि दाट जंगल यांच्या मध्ये एका डोंगरावर देवगडचा किल्ला आहे. आमच्या पांढुर्णा-सौंसरच्या सखल मुलखावर एके काळी इथून राज्य चाले. पुढे भोसल्यांच्या कारभारात घाटावरचा देवगड आणि घाटाखालचा देवगड असे दोन भाग धरले जात. घाटाखालचा म्हणजे नागपूरकडचा मुलूख. देवगड हे नाव एका किल्ल्याचे नव्हते, साऱ्या देशाचे होते, हे यावरून ध्यानात यावे.

या राजघराण्याचा मूळपुरुष जाटबा. त्याच्याविषयी गोंडांत ज्या कथा आहेत त्यांत तो गवळी राजांच्या पदरी चाकरी करणारा विलक्षण ताकदीचा तरुण आहे. देवी त्याच्या स्वप्नात येते. त्याच्या हातातली लाकडी तलवार तिच्या कृपेने पोलादी होते. एका घावात तो रेड्याचा बळी देतो आणि त्याच तलवारीने गवळी राजांना मारून राज्य घेतो. ही झाली दंतकथा. इतिहासात तो अकबराच्या काळी भेटतो. 'आईन-ई-अकबरी'त खेरल्याच्या सरकारातील जमीनदार म्हणून जाटबाची नोंद आहे. दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती असे त्याचे बळ तिथे सांगितले आहे. आकडे दरबारी असतील. पण दिल्ली-आग्र्याच्या कारकुनाला ज्याचे नाव लिहावे लागले तो माणूस लहान नव्हता.

पांढुर्ण्याच्या वाचकांना जाटबा हे नाव निराळ्या संदर्भात ठाऊक आहे. त्यांच्या गावातल्या एका वार्डाचे ते नाव. पत्रावर पत्ता लिहिताना, नळाचा नंबर लावताना, निवडणुकीच्या यादीत नाव शोधताना आपण अकबराच्या समकालीन राजाचे नाव घेत असतो, आणि ते एका राजाचे नाव आहे हे मुलांना सांगायचे राहून जाते.

जाटबाच्या वंशात पुढे झाला बख्त बुलंद. भाऊबंदकीतून तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि बादशहाच्या पाठिंब्याने गादीवर बसला. बख्त बुलंद म्हणजे थोर नशिबाचा. परंतु दक्षिणेत मराठ्यांनी बादशहाला जेरीस आणलेले पाहताच यानेही बंड केले. तेव्हा, याचे नाव बदलून 'निगूं बख्त', म्हणजे फुटक्या नशिबाचा, असे ठेवा, असा हुकूम औरंगजेबाने काढला, अशी गोष्ट सांगितली जाते. नशीब मात्र फुटले नाही. या राजाने दिल्लीचे वैभव पाहिले होते. परत आल्यावर त्याने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे, कारागीर, शेतकरी आणून वसविले. १७०२ मध्ये राजापूर बारसा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या एकत्र करून त्याने नागपूर शहराचा पाया घातला. नागपूर हे नाव त्याआधीच्या मोगली लढायांच्या हकिकतीतही येते. पण शहर म्हणून त्याची बांधणी केली ती बख्त बुलंदने. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने १८२७ च्या आपल्या अहवालात या राजाची मोकळेपणाने स्तुती केली आहे. पुढे मराठी राज्याला जे यश आले त्याचा पाया याने घातला होता, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

बख्त बुलंदमागून चांद सुलतान गादीवर आला. त्याने राहणेच नागपूरला हलविले, शहराला तट घातला, तलाव बांधला. देवगडचा दरबार घाट उतरून गेला तो कायमचा. चांद सुलतान वारल्यावर घरात तंटे माजले, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलाविले, आणि १७४३ पर्यंत सत्ता रघूजींच्या हाती आली. गोंड राजाला त्यांनी काढून टाकले नाही. नावाचा राजा, शिक्का आणि टिळ्याचा मान त्याच्याकडे ठेवून कारभार स्वतः केला. भोसल्यांच्या कपाळी गोंड राजाने टिळा लावायचा, असा रिवाज पुढेही चालू होता.

भिंती आणि माणसे

इथवर तोलेदो आणि देवगड हातात हात घालून चालतात. एकाचा दरबार १५६१ मध्ये माद्रिदला गेला, दुसऱ्याचा अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूरला. पुढे मात्र देवगडात राहायला कोणी उरले नाही. तिथे कॅथीड्रल नव्हते, मोठी पेठ नव्हती, पाते घडविणाऱ्यांची गल्ली नव्हती. जे होते ते राजाभोवती होते, आणि राजाबरोबर गेले. डोंगरावर नगारखाना, कचेरी, बादलमहाल, मशीद यांचे अवशेष उरले. मोतीटाका नावाचे पाण्याचे टाके उरले. ते कधी आटत नाही अशी त्याची ख्याती आहे. डोंगराच्या पायथ्याशी आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या, असे तिकडची माणसे सांगतात. संख्येचे सोडा, पण झाडोऱ्यात बुजलेल्या कितीतरी दगडी बावड्या तिथे खरोखरच आहेत. २०२० च्या सुमारास त्यांतल्या काहींतला गाळ रोजगार हमीच्या मजुरांनी उपसला, तेव्हा पायऱ्या आणि कमानी पुन्हा उजेडात आल्या.

माझ्या मते देवगडचे सगळ्यांत मोठे प्रेक्षणीय स्थळ या बावड्याच आहेत. तट बांधतो तो राजा शत्रूला भितो, एवढेच तटावरून कळते. डोंगरातल्या गावाला पाणी कसे पुरवायचे याचा विचार केलेले राज्य कसे होते, ते बावडीच्या पायरीवर बसल्यावर कळते.

देवगडविषयी आणखी एक समजूत आहे. किल्ल्यातून निघालेले भुयार थेट नागपूरला जाते म्हणतात. सातपुडा पोखरून एवढ्या लांब भुयार कोणी खोदू शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळते. तरीही ही दंतकथा मला फार मोलाची वाटते. लोकांनी अक्षराविना लिहिलेला तो इतिहास आहे. नागपूर इथून निघाले, हे त्यांना सांगायचे आहे.

आणि नेमके हेच आपल्याला १९५६ नंतर विसरायला झाले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी तहसिली, मध्य प्रदेशात राहिल्या. इंग्रजांच्या काळापासून मध्य प्रांताची राजधानी असलेले नागपूर दुसऱ्या राज्याचे गाव झाले. बाजार तोच राहिला, दवाखाना तोच राहिला, लेकी तिकडेच दिल्या गेल्या. बदलली ती शाळेतली इतिहासाची पुस्तके. तिकडच्या मराठी पुस्तकांत नागपूरची गोष्ट बहुधा रघूजी भोसल्यांपासून रंगते. बख्त बुलंद एका ओळीत येऊन जातो. इकडच्या हिंदी पुस्तकांत गोंडवाना म्हणजे राणी दुर्गावती आणि गढा-मंडला. त्या वीर राणीविषयी आदर ठेवूनच म्हणतो, देवगडचे घराणे दोन्हीकडे समासात राहिले. नागपूरच्या इतिहासाची पहिली पाने सीमेच्या अलीकडे पडली, आणि ग्रंथ पलीकडे गेला.

तोलेदोच्या प्रार्थनामंदिरांत आज ज्यू पूजा करीत नाहीत. १४९२ च्या हुकुमाने त्यांना स्पेनमधून हाकलून दिले. मशिदीत नमाज पढणारेही पुढे उरले नाहीत. पाहुणे तिथे येऊन कोरीव कमानी पाहतात; त्यांच्याखाली उभे राहिलेल्या माणसांचे वंशज भलतीकडेच विखुरलेले आहेत. आपल्याकडे नेमके उलटे झाले. देवगडच्या भिंती पडल्या. पण गोंड माणसे त्या डोंगरांत आजही आहेत, त्यांची गाणी आहेत, त्यांचे देव आहेत, त्यांच्या म्हाताऱ्यांना जाटबाची कथा येते. तोलेदोजवळ नसलेला ऐवज आपल्या हाताशी आहे. तो आपण मोजलेला नाही.

एका दिवसाचे गाव

आता गोटमारीविषयी. ती टाळून सावरगावचा इतिहास लिहिता येणार नाही, आणि तिच्यातच तो संपवूनही चालणार नाही.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, जामच्या पात्रात मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. अलीकडे आम्ही सावरगावचे, पलीकडे पांढुर्ण्याचे. दोन्हीकडून गोटे सुटतात. पांढुर्ण्याच्या गड्यांनी झाडापर्यंत पोचून ते कुऱ्हाडीने तोडायचे आणि चंडीमातेच्या देवळात न्यायचे. आम्ही ते राखायचे. कथा अशी की, पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळविली आणि नदी ओलांडताना दोन्हीकडच्या गोट्यांखाली ती दोघेही गेली. म्हणजे आम्ही मुलीकडचे. दुसरी कथा भोसल्यांच्या फौजेशी झालेल्या लढाईची आहे. प्रेमाची कथा अधिक खपते, म्हणून ती वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते.

कथा काहीही असो, गोटे खरे असतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसे जखमी होतात, कित्येकांचे डोळे गेले, आणि १९५५ पासूनचा मृतांचा आकडा डझनाच्या वर गेला आहे. १९७८ आणि १९८७ साली गोळीबारापर्यंत पाळी आली. प्रशासनाने मध्यंतरी गोट्यांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले; लोकांनी ते बाजूला सारून पुन्हा गोटे उचलले. माझ्या घरातल्या दोन मुली नदीपलीकडे नांदतात. त्या दिवशी आमच्या घरून सुटलेला गोटा कोणाच्या जावयाच्या कपाळी बसेल, हे देवीच जाणे.

हाच दिवस नागपुरात कसा साजरा होतो, ते पाहा. त्याच तिथीला तिथे तान्हा पोळा असतो. पोरेबाळे लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, आणि गावाची रोगराई व इडापीडा त्यांच्यासोबत वेशीबाहेर घालवून देतात. बडग्यांतून महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची टर उडते. पोळ्याचा सण संपताना मनातले जे काही साचलेले असेल ते बाहेर टाकायचे, ही कल्पना दोन्हीकडे दिसते. एकीकडे ते पुतळ्यावर काढतात, आमच्याकडे शेजाऱ्यावर.

स्पेनमध्ये पाम्प्लोना नावाचे गाव आहे. तिथे सान फेर्मीनच्या उत्सवात ७ ते १४ जुलै रोज सकाळी बैल रस्त्यात सोडतात आणि माणसे त्यांच्यापुढे धावतात. १९२६ च्या हेमिंग्वेच्या कादंबरीने ते जगभर गाजले. तिथेही माणसे मेली. १९१० पासून सोळा. पण रस्त्याला दुहेरी लाकडी कठडे असतात, अठरा वर्षांखालच्याला शिरू देत नाहीत, प्यायलेल्याला बाहेर काढतात, जखमींसाठी पथके ठायीठायी उभी असतात. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर उत्तराखंडातल्या देवीधुऱ्याचे घ्या. तिथे राखीपौर्णिमेला बग्वाळ नावाची अशीच गोटमार होते. न्यायालयाच्या आदेशानंतर २०१३ पासून तिथे फळेफुले फेकण्याची रीत सुरू झाली. देवी रागावली नाही, यात्राही बंद पडली नाही.

आमची गोटमार बंद करा, असे मी म्हणत नाही. गावाचा मान असा हुकुमाने उतरत नाही, हे रबरी चेंडूंनी शिकविले आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या गावाजवळ सांगायला एकच गोष्ट असते ते गाव ती गोष्ट सोडायला भिते. दुसऱ्या चार गोष्टी अभिमानाने सांगता आल्या तर आमच्या पोरांना मर्दुमकी दाखवायला दरवर्षी रक्त काढावे लागणार नाही.

दोन दिवसांचा रस्ता

मग पाहुण्याला न्यायचे कुठे? मी एक वाट सुचवितो. दोन दिवस पुरतात.

पहिल्या दिवशी जामचा पूल आणि चंडीमातेचे देऊळ दाखवावे; गोटमारीची कथा सांगावी, आणि तिच्यासोबत मारबतीचीही सांगावी. तिथून जाटबा वार्डात न्यावे आणि हे नाव कोणाचे, ते सांगावे. मग सौंसरकडे निघावे. संत्र्यांचे दिवस असतील तर एखाद्या बागेत थांबावे. आमची संत्री बाजारात नागपुरी म्हणून जातात, हे पाहुण्याला कळू द्यावे. राजधानीप्रमाणे फळही तिकडच्या नावावर चढले आहे. पुढे जामसावळीचा पहुडलेला हनुमान. उभा, उडता, हात जोडलेला मारुती गावोगाव आहे. निजलेला क्वचित दिसतो. शनिवार-मंगळवारी तिथे घाटावरचे हिंदी भाषक आणि घाटाखालचे मराठी भाषक एकाच रांगेत उभे असतात. संध्याकाळी मोहगाव हवेलीचे अर्धनारीश्वराचे देऊळ.

दुसऱ्या दिवशी रामाकोना सोडून सिल्लेवानीचा घाट चढावा. पूर्वी सौंसरहून छिंदवाड्याला छोटी गाडी जाई. २०१५ च्या अखेरीस ती मोठ्या रुळांसाठी बंद झाली. तसली इंजिने आता नागपूरच्या नॅरोगेज संग्रहालयात पाहायची. घाट चढताना पाहुण्याला चहाच्या टपऱ्यांवर कान देऊन ऐकायला सांगावे. खाली "काय म्हनता?" असे विचारणारा माणूस वर पोचेस्तोवर "क्या कहते हो?" विचारू लागतो, आणि जंगलात शिरले की तिसरी भाषा, गोंडी, कानी पडते. भाषेची सीमा नकाशावर एका रेघेत काढतात; प्रत्यक्षात ती अशी घाटाच्या वळणावळणाने बदलत जाते. मग देवगड. सकाळी किल्ला, ऊन चढल्यावर बावड्या.

ज्याला याहून जुने काही पाहायचे आहे त्याने छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलाँचे नाव ध्यानात ठेवावे. हे हवेलीचे मोहगाव नव्हे. तिथल्या दगडांत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची फळे आणि फुले जशीच्या तशी दगड होऊन बसली आहेत. बिरबल साहनींसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास केला. खाऱ्या पाण्याकाठी वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडाची फळे त्यांत सापडली, म्हणजे त्या काळी समुद्राचे पाणी या भागाच्या आसपास असले पाहिजे. सातपुड्यात समुद्र! पाहुणे चकित होण्यासाठी आणखी काय हवे?

सांगणारा आणि लिहिणारा

पण केवळ ठिकाणांची यादी केली म्हणून गाव प्रेक्षणीय होत नाही. तोलेदोच्या खडकावरही दगडच आहेत; ते दगड कोणाचे, हे सांगणारी माणसे गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे सांगण्याजोगे तीन भाषांत वाटले गेले आहे. जाटबाची कथा गोंडीत आहे, भोसल्यांचे कागद मोडीत आणि मराठीत आहेत, किल्ल्यावरच्या पाट्या आणि सरकारी माहिती हिंदीत आहे. एकेका भाषेच्या माणसाला गोष्टीचा एकेक तुकडा येतो. साऱ्या तुकड्यांना जोडू शकेल असा माणूस कोण? ज्याच्या घरी मराठी आहे, शाळेत हिंदी आहे आणि आठवड्याच्या बाजारात गोंडी कानावर पडते, तो. म्हणजे हा अंक ज्यांच्या घरी जातो ती आपण मंडळी.

आज आपल्या घरांत आजी-आजोबा मराठी बोलतात आणि नातवंडे हिंदीत नाहीतर इंग्रजीत शिकतात. मराठी राहील की जाईल, याची काळजी प्रत्येक घरात आहे, आणि ती काळजी बहुधा तक्रारीत संपते. पलीकडचे आपल्याला विचारीत नाहीत, अलीकडचे आपल्याला समजून घेत नाहीत, हे सत्तर वर्षे बोलून झाले. भाषा तक्रारीवर जगत नाही. त्या भाषेत सांगण्याजोगे दुसऱ्या कोणाजवळ नसलेले काही असेल तर ती जगते.

२०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला आपली ओळख नव्याने लिहावी लागते. ती कोणीतरी लिहीलच; प्रश्न एवढाच की आपण हजर असू की नाही. या दिवाळीच्या सुट्टीत घरोघरी तोलेदोची जुनी रीत करून पाहता येईल. आजीने आपल्या बोलीत सांगायचे आणि नातीने ऐकून आपल्या शाळेच्या भाषेत लिहायचे. पोळ्याची कर पूर्वी कशी असे, जाटबा वार्डाला ते नाव का, नागपूरला बैलगाडीने कसे जात, कोणत्या बावडीचे पाणी गोड. मग तेच नातीने पुन्हा मराठीत आजीला वाचून दाखवायचे. चुकले तर आजी सांगेलच. दहा घरांनी असे दहा कागद लिहिले तरी पाहुण्याच्या हाती द्यायला एक पुस्तिका होते. तिच्या समासात अर्थ लिहिण्याची गरज पडणार नाही, कारण ती पहिल्यापासूनच दोन भाषांत असेल.